काकांची वर्षअखेरची मोजणी

प्रत्येक पिशवीत काहीतरी असतंच, या एका गोष्टीवर आमच्या काकांचा ठाम विश्वास होता. बाकी कशावरच नव्हता.

ते टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यात फाटकावर तपासनीस होते. कामगार सुटले की एकेकाला थांबवून पिशव्या, डबे, कोट उघडून बघायचे. सगळी नोकरी त्या फाटकात उभं राहून काढल्यामुळे लोक त्यांना ‘फाटक’च म्हणत. कित्येक नव्या कामगारांना ते त्यांचं आडनाव वाटे. पोटाला टॉवेल गुंडाळून निघालेला माणूस काका नुसत्या चालीवरून ओळखायचे. “सकाळी सडपातळ आत गेलेला माणूस संध्याकाळी लठ्ठ होऊन बाहेर आला, तर ते काही अंगी लागलेलं जेवण नसतं,” हे त्यांचं आवडतं वाक्य. मी त्यांचा पुतण्या, त्यांच्याच घराच्या माडीवर राहतो. असली बरीच वाक्यं मला फुकटात मिळाली आहेत.

यंदाच्या उन्हाळ्यात काका निवृत्त झाले आणि येताना फाटक घरी घेऊन आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वेताची खुर्ची दारापाशी ओढली आणि तिथे ठाण मांडलं. मी जिना उतरलो की, “कुठे?” चढायला लागलो की, “हातात काय?” काकू बाजारातून आली की पिशवीत डोकावून, “एवढंच?” दुपारी काकूचं शिवणयंत्र सुरू झालं की नेमकी त्यांची बातम्यांची वेळ व्हायची, मग बाहेरच्या खोलीतला मोठा रेडिओ आणखी मोठा. काकू दिवा लावून सुई ओवायला बसली की हे मागून येऊन दिवा बंद करत. “उजेड आहे की बाहेर!”

“तुम्ही रिटायर झालात,” काकू एकदा म्हणाली, “आणि ड्यूटी मला लागली.”

काका हसले. त्यांना तो विनोद वाटला.

वर्ष संपत आलं. कारखान्यात या दिवसांत सगळ्या मालाची मोजणी चाले. सरत्या वर्षात काय कमावलं, काय गमावलं याचा विचार इतर माणसं मनातल्या मनात करतात. काकांनी थेट कपाटं उघडली. आणि मोठी कात्री सापडेना.

मग टेबलावरचा दिवा नाही असं दिसलं. मग स्टुलावरची गादी. इस्त्री नाही, काकूचा छोटा ट्रान्झिस्टर नाही, बटणांचा डबा नाही. काका खुर्चीत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, की जणू कारखान्यातून अख्खी चादरींची गाडी त्यांच्या नाकाखालून निघून गेली होती.

“माझ्या घरात चोर,” ते म्हणाले. “माझ्या! वर्ष संपायच्या आत नाही पकडला, तर इतकी वर्षं मी तिथे काय डास मारत होतो?”

पहिला संशय अर्थातच भांडी घासणाऱ्या मावशींवर. त्या निघाल्या तशी काकांनी खुर्ची आडवी लावली.

“मावशी, जरा पिशवी बघू.”

मावशींनी पिशवी त्यांच्या मांडीवर उपडी केली. एक कंगवा, चपलेचा तुटलेला पट्टा आणि अर्धा साबण.

“साबण कुठला?”

“माझा! अंगाला लावायचा. वास घेऊन बघा, तुमच्याकडचा एवढा चांगला नसतो.” मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “काका, तुमच्या घरात चोरण्यासारखं काय आहे ते एकदा दाखवा तरी. उगाच माझी बदनामी नको. नव्या वर्षापासून दुसरी बाई बघा.”

“मावशी गेल्या तर भांडी तुम्ही घासायची,” काकू आतून म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. जरा जास्तच नेहमीसारखा, पण हे मला नंतर सुचलं.

मग पाळी माझी.

“इस्त्री तू नेली होतीस.”

“आणि परत दिली. तुम्हीच तळ बघून घेतलात, काळा झालाय का म्हणून.”

“त्यानंतर पुन्हा नेलीस?”

“काका, माझ्या शर्टाकडे बघा. हा इस्त्री चोरणाऱ्या माणसाचा शर्ट वाटतो का?”

त्यांनी खरंच नीट बघितलं आणि मला सोडून दिलं. पुरावाच तसा चुरगळलेला होता.

या सगळ्या दिवसांत काकू रोज दुपारी कापडी पिशवी खांद्याला लावून मैत्रिणीकडे जायची. काका स्वतः उठून तिच्यासाठी कडी काढत. “जपून जा हो,” म्हणत. मी वरून बघायचो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. पण कळसा निदान स्वतःच्या पायांनी दाराबाहेर जात नाही.

शेवटी काकांनी आमिष लावायचं ठरवलं. आमिष म्हणजे त्यांचा कान तुटलेला कप. फाटकावरच्या नोकरीत सगळा चहा त्यांनी त्याच कपातून प्यायलेला. तो कप त्यांनी बाहेरच्या टेबलावर उघड्यावर ठेवला आणि खुर्चीत बसून डोळे मिटले, अर्धेच. पुढे ते पूर्ण मिटले, हा भाग ते सांगताना गाळतात.

जाग आली तेव्हा कप नव्हता.

गंमत अशी, की त्या दिवशी मावशी आल्याच नव्हत्या आणि मी सकाळपासून बाहेर होतो. संध्याकाळी मी परतलो तर काका माझ्या जिन्यात बसलेले. “कुठे?” नाही, “हातात काय?” नाही.

“तू नाहीस,” ते म्हणाले. “मावशी नाहीत. मग घरात राहिलं कोण?”

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो.

“कात्री तिची. दिवा तिचा. ट्रान्झिस्टर तिच्या भावाने दिलेला. जे गेलं ते सगळं तिचंच आहे रे. त्या कपाखेरीज माझं एक पायताणही गेलेलं नाही.” त्यांनी कठड्याची सळई धरली. “टॉवेल चोरणारे अख्खा गठ्ठा कधी नेत नाहीत. एकेक नेतात. माणूस घर सोडतो तेही असंच असणार. एकेक.”

“काका, उगाच काहीतरी! विचारा ना काकूला सरळ.”

“आणि ती हो म्हणाली तर?”

आयुष्यभर हजार माणसांना ‘पिशवी उघड’ म्हणणारा हा माणूस बायकोची पिशवी उघडायला घाबरत होता. मला हसू आलं नाही. मला वाटलं होतं येईल.

वर्षाच्या शेवटच्या दुपारी काकू निघाली. काकांनी कडी काढली. “जपून,” इतकंच म्हणाले, आणि ती वळणावर दिसेनाशी होताच मला खालून हाक मारली. “डावा खांदा खाली होता. वजन आहे आत. चल.”

आम्ही तिच्या मागावर निघालो. काका खांबांआडून, मी रस्त्यावरून, कारण मला चारचौघांत राहायचंय. पलीकडच्या गल्लीत औषधांचं दुकान आहे, त्याच्यावर काकूच्या मैत्रिणीचं घर. काकू जिना चढली. पाठोपाठ काका चढले, पण अर्ध्यावर थांबले. वरून गाणं ऐकू येत होतं. बातम्या नव्हत्या.

“गाणी ऐकतेय,” काका कुजबुजले. परपुरुष सापडला असता तरी ते इतके पांढरे पडले नसते.

पुढच्या खोलीचं दार उघडंच होतं. खिडकीशी टेबल, टेबलावर आमचा दिवा, भर दुपारी चालू. स्टुलावर गादी, गादीवर काकू. हातात कात्री, समोर कुणाचा तरी अर्धवट झगा. मैत्रीण आतल्या खोलीत घोरत होती.

“या,” काकू मान वर न करता म्हणाली. “मला वाटलं होतं पहिल्याच आठवड्यात याल. फाटकावरही असाच उशीर करायचात का?”

काकांनी खोलीभर नजर फिरवली. त्यांची मोजणी जुळत होती. “घर सोडलंस?”

“घर कशाला सोडू? दुपार सोडली. तिथे दिवा लावला की तुम्ही विझवता, यंत्र लावलं की तुमच्या बातम्या. संध्याकाळी येतेच ना परत?”

“सांगायचंस तरी.”

“सांगितलं असतं तर बरोबर आला असतात. दारात खुर्ची टाकून बसला असतात इथेही.”

काका शेवटी तपासनीसच. खिडकीच्या कोनाड्याकडे बोट करून म्हणाले, “मग तो? तो तर तुझा नाही.”

कोनाड्यात कान तुटलेला कप होता, धुऊन पालथा घातलेला.

“तुम्ही कधीतरी मागावर येणार, हे ठाऊक होतं,” काकू म्हणाली. “आलात की चहा मागणार. आणि दुसऱ्या कपात तुम्हाला तो लागत नाही.”

काकांनी कप उचलला, उजेडात धरून आतून बाहेरून तपासला. मग बराच वेळ उगाचच तपासत राहिले. मी खिडकीतून रस्ता बघितला.

“यंत्र राहिलंय घरी,” ते शेवटी म्हणाले. “ते काही पिशवीत मावायचं नाही.”

त्या संध्याकाळी तिघं घरी परतलो, आणि काका आणि मी शिवणयंत्र उचलून दारापर्यंत आणलं. नेमक्या मावशी भांडी आवरून हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी बघितलं, वेताची खुर्ची ओढली आणि दारात आडवी लावून तिच्यावर बसल्या.

“काय नेताय?”

“यंत्र आहे, मावशी. काकूचं.”

“असेल. उघडून दाखवा.”

काकूने तोंडाला पदर लावला. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मग त्यांनी, नोकरीतल्या कुठल्याही कामगारापेक्षा जास्त मुकाट्याने, यंत्रावरचं झाकण काढलं. आत धूळ बसू नये म्हणून यंत्र एका जाड टॉवेलात गुंडाळलेलं होतं. टॉवेलाच्या काठावर कारखान्याची निळी पट्टी होती.

मावशींनी मान पुढे काढून ती पट्टी बघितली.

“निरोपसमारंभात मिळाला,” काका म्हणाले.

निरोपसमारंभाला मी हजर होतो. त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं.

मावशींनी टॉवेल दोन बोटांत धरून चाचपला. “माल चांगला आहे,” म्हणाल्या आणि खुर्ची बाजूला घेतली. “जाऊ दे. उद्या येते मी कामाला. पण काका, दारात खुर्ची दिसली तर परत जाईन.”

“नाही दिसणार,” काका म्हणाले आणि खाली वाकून यंत्राचं एक टोक उचललं. “उचल रे.”

मी दुसरं टोक उचललं. उजेडात ते मला अचानक थोडे लठ्ठ वाटले.