केमोच्या आधी विचारायचं होतं

वहिनीच्या छातीतली गाठ काढून झाली होती आणि आता केमो सुरू व्हायची होती. तिच्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. आम्ही देवासला राहायचो. भाऊ पीथमपूरच्या कारखान्यात होता, सुट्टी मिळाली की यायचा. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, म्हणून इंदूरच्या दवाखान्यात आई मला बरोबर न्यायची. "हिला कळतं सगळं," असं ती शेजारणींना सांगे. मी बी.कॉम.ला होते.

आमच्याकडे सून डॉक्टरशी बोलत नसे. कुठे दुखतं, हेसुद्धा सासूच सांगायची. बसमध्ये आईचा डोळा लागल्यावर वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, या औषधानंतर मूल होईल ना? एवढं विचाराल?"

"तूच विचार की."

"सासूबाईंसमोर? म्हणतील, जिवावर बेतलंय नि हिला पाळणा सुचतोय."

दवाखान्यात कागद बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बच्चे?"

"अभी कहाँ," आई म्हणाली. "पहले ये तो ठीक हो जाए."

वहिनी खाली बघत राहिली. आई उठायला लागली तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, इस दवा के बाद बच्चा हो सकता है?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. केमोनं अंडाशयाला इजा होऊ शकते, किती ते आधी सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. नवरा-बायकोची तयारी असेल तर आधी स्त्रीबीजं काढून, गर्भ तयार करून गोठवून ठेवता येतात. त्यासाठी केमो थोडी थांबवता येईल, फार नाही. आणि खात्री कशाचीच नाही. "अच्छा हुआ, अभी पूछ लिया." मग त्या थेट वहिनीकडे वळल्या. "आप क्या चाहती हैं?"

वहिनीनं आईकडे पाहिलं.

"करना है," वहिनी म्हणाली.

परतताना देवास जवळ आल्यावर आई म्हणाली, "बी.कॉम.मध्ये हे शिकवतात होय?" घरी जायच्या आधी मात्र तिनंच एसटीडी बूथवरून फोन करून भावाला बोलावून घेतलं.

बीजं काढायला जायच्या सकाळी आईनं वहिनीला पाटावर बसवून ओटी भरली. ऑपरेशनमुळे वहिनीचा हात नीट उचलत नव्हता, म्हणून पदराचं एक टोक मी धरलं. त्यात तांदूळ, नारळ, खण घालत आई तिला म्हणाली, "डॉक्टरला काय सांगायचं ते आता तूच सांग."