तापाने मेलेली बायको

गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि आमच्या डिचोलीकडच्या गावात पुरुष दिवसाढवळ्या घरी दिसायला लागले. आधी ट्रक, टिपर, लाल धूळ आणि रात्री दमून पडलेला नवरा, एवढाच संसार होता. आता धूळ बसली आणि नवरा उठून बसला. दिवसभर घरात असलेला नवरा किती जागा व्यापतो हे ज्या बाईने पाहिलेलं नाही तिला मी काय सांगू!

तोंडावर मी त्याला तुमी म्हणते. इथे लिहिताना तो म्हणणार आहे. एवढी मोकळीक माझी मला.

तो दोडामार्गाकडचा. ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आला आणि इथलाच झाला. मी पेडण्याची, केरीची. माझे वडील गल्फात होते. दोन वर्षांनी एकदा यायचे, साबणाचा वास घेऊन यायचे, आणि मी आईच्या मागे लपून विचारायची की हे काका कधी जाणार. म्हणून शेजारची माणसं एकेक करून गल्फात जायची भाषा बोलायला लागली तेव्हा मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं, तुम्ही कुठेही जायचं नाही. इथे भाजी विका, कुणाची गाडी चालवा, काहीही करा. आमची मुलगी तिसरीत होती. तिने बापाला काका म्हणावं असं मला नको होतं. तो "बगया" म्हणाला. आमच्याकडे पुरुष बगया म्हणाला की समजावं, आतल्या आत काहीतरी शिजतंय आणि झाकण काही तो उचलणार नाही.

त्यात तो खेळ आला. खाणीच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटरसमोर बसणारा एक शिकलेला पोरगेला तरुण होता, आमच्या शेजारचाच. त्याचीही नोकरी गेली होती. कॉलेजात असताना हॉस्टेलवर तो हा खेळ शिकला होता. खेळाला ना पट, ना सोंगट्या. हे सगळं डोक्यातच चालायचं. राजे, राक्षस, जादूगार, पाताळातली भुयारं. प्रत्येकाने एक माणूस बनवायचा आणि त्याच्या वतीने बोलायचं. काट्यावरचा गोष्ट चालवणार, आणि तलवार लागली की चुकली ते वीस तोंडांचा फासा ठरवणार. माझा नवरा, त्याच्यासारखेच बसून असलेले आणखी दोन ड्रायव्हर आणि हा काट्यावरचा, अशी चौघांची बैठक आमच्या ओसरीवर भरायला लागली. ओसरी आमची का, तर चहा फुकट आणि वारा चांगला.

मला त्या बैठकीची शिसारी यायची. खरंच सांगते, शिसारी. चहाच्या कोपात बिस्किटं बुडवायची, ती तळाशी विरघळून चिखल व्हायचा आणि त्या चिखलात विडीची थोटकं खुपसलेली असायची. ते कोप मी धुवायचे. त्यातला एक ड्रायव्हर फासा टाकण्याआधी नशिबासाठी तोंडात धरायचा. तोच ओला फासा मग बाकीचे आनंदाने हातात घ्यायचे आणि त्याच हाताने माझ्या ताटलीतली भजी उचलायचे. दुसऱ्याला पायाच्या नखांशी खेळायची सवय. चटई झाडताना मला काय काय सापडायचं ते सांगत नाही, कुणी जेवत असेल.

आणि त्यांनी बनवलेली माणसं! स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आमच्या जनेलातून, सगळं ऐकू यायचं. सगळे शूर, सगळे देखणे, सगळे पोरके. तिघांत मिळून एकालाही आई नव्हती. कुणाची राक्षसाने मारली, कुणाची जळून मेली. इकडे खऱ्या आया दुपारी जेवायला हाका मारून मारून घसा बसवत होत्या, आणि हे बसल्या जागी त्यांना जाळत होते. राक्षसाची आतडी बाहेर काढायची, रक्ताळलेली तलवार पायजम्याला पुसायची, आणि तसंच आंघोळ न करता राणीच्या महालात जाऊन जेवायला बसायचं. मढ्याला हात लावून आंघोळ न करणारा माणूस आमच्या गावात तरी जन्माला आलेला नाही. पण ह्यांना त्याचं काही नव्हतं.

काट्यावरच्यालाही ते पटत नसावं. कारण एक दिवस त्याने सगळ्यांची माणसं मोडीत काढली. म्हणाला, असले पुठ्ठ्याचे वीर नकोत, नवीन बनवा. माणूस खरा वाटला पाहिजे. त्याला भूक लागली पाहिजे, काहीतरी नावडतं पाहिजे, कशाची तरी भीती पाहिजे. आणि मग तो एकेकाला प्रश्न विचारायला लागला.

माझ्या नवऱ्याची पाळी आली तेव्हा मी बांगडे कापत होते. दिवेलागणीची वेळ. काट्यावरच्याने विचारलं, तुझा माणूस काय करतो? नवरा म्हणाला, बैलगाड्या हाकतो, राजाचं धान्य वाहतो. आता राजाने वाहतूक बंद केलीय. काय खात नाही? नवरा लगेच म्हणाला, किसमूर. सुकी सुंगटं बघितली की त्याचा जीव घाबरतो.

माझी सुरी थांबली. लग्न झाल्यापासून दर पावसाळ्यात मी ह्या माणसाला सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खोबरं घातलेली किसमूर वाढत आले. तो मुकाट खात आला. जीव घाबरतो हे मला जनेलातून कळावं!

भीती कशाची वाटते, असं विचारल्यावर तो म्हणाला, घरी बसायची. बायको समोरून गेली की त्याला वाटतं, आपण वाटेत पाय पसरून बसलेलो आहोत. बाकीचे दोघे हसले नाहीत. मीही सुरी खाली ठेवली. एवढं सलग वाक्य त्याच्या तोंडून मी घरात कधी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला संतापच आला. मी आत जिवंत बसलेय, ताट वाढतेय, अंथरूण घालतेय, आणि हे सगळं तो सांगतोय कुणाला, तर तोंडात फासा धरणाऱ्या माणसाला!

मग काट्यावरचा म्हणाला, बाकी चांगलं जमलंय, पण हा गडी घर सोडून मोहिमेवर जायत कित्याक? घरात बायको आहे, ती सोडणार नाही.

नवऱ्याने विचार केला. अगदी थोडासाच. आणि म्हणाला, "मगे बायल मेली म्हणान लिही."

"कशान मेली?"

"तापान."

तापाने! राक्षसाने पळवून मारली असती तर एक वेळ मी काही बोलले नसते. ह्याने मला सर्दीतापात उरकली. मी होते तशी बाहेर आले, हात खवल्यांनी भरलेले, बोटांवर बांगड्याचं रक्त. आतड्यांच्या गोष्टी करणारे ते शूरवीर अंग चोरून मागे सरकले.

"कोण मेली रे?" मी काट्यावरच्याला विचारलं.

"वैनी, ती खेळातली. तुमी न्हय."

"खेळातली आसो नायतर खंयचीय. दिवेलागणीक माझ्या घरात कोणाचा मराण बोलूचा नाय. तिका जिती कर."

मी हे म्हटलं त्याला लोक अंधश्रद्धा म्हणोत. घर ऐकत असतं असं मला लहानपणापासून सांगितलेलं आहे आणि ते मी मानते. पण खरं सांगायचं तर मला घराची भीती नव्हती वाटली. जायचं तर आधी मला मारायला हवं, हे त्याने किती पटकन ठरवलं, ते मला झोंबलं होतं.

काट्यावरचा म्हणाला, "जिती रवली तर गोष्टच सुरू होवची नाय."

"तर मगे तिका विचारून जांवदे."

त्याला ती कल्पना एकदम आवडली. खेळाचा नियमच आहे म्हणाला, नुसतं ठरवून चालत नाही, ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलावं लागतं. वैनी, तुमीच ती बायको व्हा. मी हात धुऊन आले. त्या चटईवर बसायची माझी छाती नव्हती, म्हणून पायरीवर बसले. त्याने मलाही प्रश्न विचारला, तुमच्या बाईची शक्ती काय? मी म्हटलं, तिला वास येतो. दारातून माणूस आत आला की तो आंघोळ करून आलाय की नाही, खरं बोलतोय की नाही, तिला कळतं. त्याने ते गंभीरपणे लिहून घेतलं.

मग नवरा उभा राहिला, घसा खाकरला आणि सुरू झाला. "हे प्रिये! उत्तरेचा मुलूख राक्षसांनी बेचिराख केला आहे. क्षत्रियाचा धर्म मला साद घालीत आहे..." देवळातल्या दहिकाल्याला, म्हणजे दशावताराच्या नाटकाला, रात्र रात्र जागून ऐकलेली सगळी राजाची भाषा त्याने माझ्यावर ओतली. हात छातीवर, मान वर. ते दोघे खूष. ज्याने जेवण बरं झालंय एवढंही कधी म्हटलं नाही, तो मला प्रिये म्हणत होता, आणि तेही दोन ड्रायव्हरांच्या देखत.

मी म्हटलं, थांबा. हा माणूस खोटा आहे. आमच्याकडचा पुरुष जाताना असलं काही बोलत नाही. मी जाणारा पुरुष बघितलाय. माझे वडील जायचे तेव्हा दारात उभे राहायचे, तहान नसताना पाणी मागायचे, अर्धं प्यायचे, वहाणेत पाय सरकवायचे आणि आईकडे न बघता "येतंय", म्हणजे येतो, एवढंच म्हणायचे. बस्स. माणूस खरा हवा तर असा बनवा.

काट्यावरचा हळूच म्हणाला, कर तसं.

नवरा आत गेला आणि दारात येऊन उभा राहिला. "जरा पाणी दी," म्हणाला. मी तांब्या दिला. तो अर्धा प्याला, उरलेलं पायरीखालच्या अबोलीत ओतलं, वहाणा घातल्या. सदऱ्याचा खिसा वरून चाचपला. मग रस्त्याकडे बघत "येतंय गे" म्हणाला आणि फाटकापर्यंत चालत गेला.

त्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. काट्यावरच्याच्या डोळ्यांत पाणी होतं. काय माणूस बनवला, म्हणत होता. माझं लक्ष खिशात अडकलं होतं. खिसा चाचपायचं मी शिकवलं नव्हतं.

"खिशात काय आसा?" मी विचारलं.

"काय नाय."

"काढा बगू."

पांढऱ्या पडद्यासमोर काढलेले फोटो निघाले. दोन्ही कान दिसणारे, व्हिसाला लागतात तसले. घामाने एकमेकांना चिकटले होते. कितीतरी दिवस खिशात घेऊन तो हिंडत असावा, ओसरीवर बसून माझी भजी खात असावा. मी ते सोडवायला गेले तर एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला चिकटून फाटला. मी ते तिथेच चटईवर टाकले आणि आत जाऊन बांगड्यांना मीठ लावलं. त्या दिवशी आमच्याकडे कुणी जेवलं नाही, आणि त्या ओसरीवर पुन्हा खेळही भरला नाही.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. विचारतोय कोण? कागद झाले, दिवस ठरला. जायच्या दिवशी शेजारीपाजारी जमणार म्हणून मी बरी साडी नेसले आणि मनाची तयारी करून दारात उभी राहिले. आता हा पाणी मागेल, अर्धं पिईल, रस्त्याकडे बघेल. मला सगळं पाठ होतं.

त्याने पाणी मागितलंच नाही. तो बोलत सुटला. "सिलिंडर संपलो तर काटेवाल्याक सांग, तो हाडून दितलो. पावसाआदी कौलां परतून घी. चेडवाक, आपल्या पोरीक, गणितासाठी मारू नको, माकाय ता जमत नाय होता. मागच्या दाराची कडी ढिली आसा. तू एकटी बावीर पाण्याक जाव नको." टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, आणि हा वाक्यामागून वाक्य बोलत होता. बोलता बोलता रडायलाच लागला. लोक बघत होते. नाक वाहायला लागलं, रुमाल सापडेना, आणि त्याने सरळ माझा पदर ओढून त्याला नाक पुसलं. मुलीसमोर, अख्ख्या वाडीसमोर.

मी ह्या माणसाबरोबर इतकी वर्षं राहिले, आणि ओसरीवर सगळ्यांना शिकवत होते की खरा माणूस कसा असतो.

टॅक्सी वळणाआड गेली तशी मी आत आले, साडी सोडली आणि पदर साबणाने धुतला. किळस ती किळस. एकदा धुतला, पुन्हा धुतला, वाळत घातला. मग बालदी उपडी करताना लक्षात आलं की घरात त्याचं धुवायचं आता काहीच राहिलेलं नाही.