राखेवर लावलेला कडुनिंब

"नदीत का कचरा कमी हाये? त्यात अजून मले टाकू नका," असं माझे मिस्टर आजारपणात सारखे म्हणायचे. जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस. कुणी बसच्या खिडकीतून शेंगांची टरफलं फेकली तरी घरी येऊन त्याचा राग जेवणावर काढणार. मी म्हणायचे, "मंग काय घरात ठिवू तुमाले?"

ते गेले तेव्हा दिरांनी राख नदीवर न्यायची तयारी केली होती. मी आडवी आले. नातेवाइकांत कुजबुज झाली, पण मी कुणाचं ऐकलं नाही. आमच्या कॉलनीजवळच्या बागेत खड्डा खणला, राख त्यात घातली आणि वर कडुनिंब लावला. नावाची पाटी मात्र लावली नाही. पाटी दिसली की लोक तिच्याखाली उदबत्त्यांचे पुडे आणून टाकतात, आणि मग ते उचलायचे कुणी?

शेळ्यांपासून वाचावं म्हणून रोपाभोवती विटांचं गोल कुंपण बांधून घेतलं. रोज सकाळी एक बादली आणि एक पिशवी घेऊन जायचे. पाणी झाडाला, पिशवी कचऱ्याला. बागेत लोक वाढदिवस करतात आणि केकचे खोके, फुटके फुगे, चमकीचा चुरा, बाटल्या तिथंच सोडून घरी जातात. वारं सुटलं की सगळं फिरत फिरत झाडाकडे यायचं. उचलताना माझ्या तोंडाचा पट्टा सुरूच असायचा. एकदा एका बाईने मुलाला सांगितलं, "तिकडे बसून नको खाऊ, ती आजी वरडते." खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मिस्टरांशीही मी तिथंच भांडायचे. झाड माझ्या डोक्यापेक्षा उंच झालं होतं, त्याच्याशी बोलायची मला लाज वाटत नव्हती.

यंदा उन्हाळ्यात आठवडाभर मुलीकडे जालन्याला गेले. परत आले त्या सकाळी बाग ओळखू येईना. एक कागद नाही, एक बाटली नाही. इतका आनंद झाला की बादली हिंदकळत मी जवळजवळ पळतच आत गेले.

कुंपणाच्या विटा काळ्या पडल्या होत्या. आत वितळून घट्ट झालेलं प्लास्टिक होतं आणि त्यातून वर आलेलं जळकं खोड. पानं फांद्यांवरच वाळून तांबडी झाली होती.

दोन तरुण झाडू घेऊन उभे होते. त्यातला एक कौतुकाने सांगू लागला, "काकू, काल आमी सगळ्यांनी मिळून अख्खी बाग झाडली. तुमी एकट्यानं किती दिवस करान, म्हटलं."

"अन् हे?"

"कचऱ्याची गाडी आलीच नाही. वाऱ्यानं कचरा परत उडून राह्यला होता. या कुंपणात बरा दबला, म्हून तिथंच पेटवून देल्ला. झाडाले एवढी झळ बसन असं वाटलं नोतं."

मी त्यांना फाडून खाईन असं मलाच वाटलं होतं, पण मी बादली खाली ठेवली. ती पोरं वाईट नव्हती. माझे कष्ट वाचावेत म्हणून राबली होती, आणि तेच मला सोसवत नव्हतं. झाडाखाली कुणाची राख आहे ते मी सांगितलं. सांगणारा पोरगा झाडू टाकून खाली बसला. "पाटी नव्हती ना काकू," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "दुसरं झाड लावून देतो." मी म्हटलं, लावा. सावली सगळ्यांनाच लागते.

मी कुंपणात हात घालून प्लास्टिक सोडवायला गेले. ते मातीला धरून बसलं होतं, ओढलं की मातीसकट वर येत होतं. त्या मातीत मिस्टरांचं काय आणि केकच्या खोक्यांचं काय, ते मला कळेना. मग मी हात काढून घेतला.

घरी येऊन गॅस पेटवला नाही. पहिल्या वेळी शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली होती, समोर बसून दोन घास खायला लावले होते. माझा माणूस दुसऱ्यांदा गेला होता, पण झाडासाठी कुणी डबा घेऊन येत नाही. संध्याकाळी भूक लागली तेव्हा उठून मीच पीठ मळलं.