वाट मोडून चूल मांडली

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा, नाहीतर माझ्या अंगावर सांडेल. वाट चुकलेली माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. पण वाटच उचकटून तिच्यावर खिचडी शिजवणारा माणूस पाहिलाय का? बघून घ्या. समोर बसलाय.

माझा थोरला दादा गेला मागच्या पावसाळ्यात. कसाऱ्याच्या घाटात टेम्पो दरीत गेला. त्याच्यापुढचं मला सांगता येत नाही, म्हणून मी हीच गोष्ट सांगतो.

दादा, बाळू, संज्या आणि पक्या. हे चौघे दर मे महिन्यात रानात मुक्कामाला जायचे. कधी तानसाच्या जंगलात, कधी मुरबाडकडे घाटाखाली. भात-कालवण करायचं काम दादाचं. ह्या वर्षी त्यांचं ठरलं होतं, एकदा उत्तरेला जाऊन बर्फ बघायचा. तेवढ्यात दादाच गेला. उन्हाळा लागल्यावर बाळू आमच्या ओटीवर येऊन बसला आणि खाली बघत म्हणाला, "चौघांचं ठरलं व्हतं. चौघंच जाऊ. तू चल."

मी लगेच हो म्हटलं. मी कशालाही लगेच हो म्हणतो. शाळा सोडायची का, ह्यालाही मी असंच सातवीत हो म्हटलं होतं.

आता मुद्द्याचं सांगतो. आमच्या टोळक्यात माया मोजायचं माप एकच, शिव्या. ज्याला शिव्या पडत नाहीत तो परका. मी लहान, त्यामुळे मला सगळ्यात जास्त पडायच्या. किन्हवलीच्या बाजारात मी बाळूच्या नव्या पॅंटवर चहा सांडला होता तेव्हा त्याने मला एस्टी स्टँडपर्यंत पळवलं होतं, हातात चप्पल घेऊन. काय दिवस होते!

दादा गेला आणि शिव्या बंद झाल्या. एकदम बंद. मी काहीही केलं तरी, "असू दे रे." चंदीगडला मी पिठाची पिशवी फलाटावर विसरलो. "असू दे रे." बसमध्ये पक्याच्या मांडीवर ओकलो. माझ्या पाठीवरून हात फिरवत तोच म्हणतोय, "असू दे रे, होतं असं."

ओकलो मी आणि रडवेला तो! हे काय जगणं झालं?

ते तिघे हसत असायचे, मी गेलो की गप्प. चुलीत पाणी ओतल्यावर कसं होतं, तसं. मग कोणीतरी विचारायचं, "जेवलास का?" दादाचं नाव तर कोणी काढतच नव्हतं. एवढ्या मोठ्या डोंगरात आम्ही चौघे, आणि मी एकटा. मनात एवढंच होतं, कोणीतरी एकदा नीट शिवी द्या रे. एक तरी.

आमच्याबरोबर तिकडचे एक चाचा होते, सामान वाहायला दोन खेचरं घेऊन. एका सकाळी त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं, की पुढे मोठं कुरण आहे, पायवाट दिसत नाही, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी दगडांचे ढीग रचून ठेवलेत. एका ढिगावरून दुसरा ढीग बघत चालायचं. धुकं आलं तरी ढीग सोडायचा नाही.

तेव्हा मी कुठे होतो? टमरेल घेऊन ओढ्यावर.

परत आलो तर तिघे हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मला बघून गप्प. माझं डोकं फिरलं. पातेलं, तांदूळ, डाळ आणि घरून आणलेली सुकट पाठीवर टाकली आणि ओरडलो, "मी पुढं जाऊन रांधतो! तुमी या सावकाश!"

बाळू म्हणाला, "जा रे, जा." बघा, तेव्हाही ओरडला नाही. त्याला वाटलं, चाचांचं सगळं मी ऐकलंय.

तरातरा चालत कुरणावर पोचलो. बारीक हिरवं गवत, वर बर्फ, आणि माणसाचा पत्ता नाही. आणि काय बघतो, जागोजागी सुरेख चपटे दगड एकावर एक रचून ठेवलेले!

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडे रानात चुलीचे दगड दिसले तर ते कोणाचे? सगळ्यांचे. आज गुराख्याने मांडले, उद्या आपण त्यावर भात शिजवायचा, परवा आणखी कोणी. मला वाटलं, काय देवमाणसं आहेत इकडची! पुढच्याच्या चुलीची सोय करून ठेवलीय!

तीन दगडांवर भागलं असतं. पण वारा होता ना. मग आडोसा केला. मग बसायला ओटा केला. मग पाणी ठेवायला कट्टा. एक ढीग संपला की दुसरा. चार-पाच ढीग मी मोडले आणि असं स्वयंपाकघर उभं केलं की नवरीने बघून रुसणं सोडावं.

सुकी झुडपं जाळून खिचडी शिजवली. दादा घालायचा तशी वरून सुकट घातली. तेवढ्यात धुकं उतरलं. समोरचा आडोसासुद्धा दिसेना. मी एकटाच पातेल्यापाशी बसलो. कोणी येईना. चव घेतली आणि सवयीने मागे वळून विचारलं, "मीठ झालंय ना बरोबर?"

मागे धुकंच होतं.

बराच वेळ गेला आणि घुंगरं वाजली. चाचा खेचरं घेऊन आले. एकाचा खूर दुखावला होता म्हणून ते मागे राहिले होते.

"बाकी लड़के कहाँ हैं?"

"तुमच्या साथ नाय?"

"वो तो कब के आगे निकले! पत्थर देखते-देखते..." चाचा बोलता बोलता थांबले. त्यांनी आडोशाकडे बघितलं. ओट्याकडे बघितलं. कट्ट्याकडे बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "बेटा, ये पत्थर कहाँ से लाया?"

मी अभिमानाने हात फिरवून दाखवलं. "इधर से, इधर से, उधर से भी!"

ते दगड म्हणजे चूल नव्हे, वाट होती, हे मला चाचांनी तेव्हा सांगितलं. पुढच्या बाजूला कडा होता. एकदा घाटात माणूस गेला की काय होतं ते मला ठाऊक आहे. मी धुक्यात घुसून बोंबलायला लागलो. "बाळू! संज्या! पक्या!" चाचांनी मागून माझा शर्ट धरून ठेवला, नाहीतर मीच कड्याखाली गेलो असतो. ओरडता ओरडता तोंडातून कधी "दादा! दादा!" यायला लागलं, कळलंच नाही.

खालच्या घळीतून आवाज आला, "ओ! हाय रे! हाय आमी!"

तिघे वर आले. गुडघ्यापर्यंत चिखल, संज्याची पॅंट मागून फाटलेली, पक्याच्या पायात एकच बूट. चाचांनी त्यांना चूल दाखवली. बाळूने चुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याच्या मानेची शीर फुगली. मी मनात म्हटलं, आली! आता आली!

"असू दे रे," बाळू म्हणाला. "नवीन हाय तो."

अरे देवा! कड्यावरून जाता जाता वाचलेली माणसं, आणि "असू दे"?

चाचा तेवढे ओरडले, पण त्यांच्या पहाडी बोलीत. न कळणारी शिवी धरायची नसते. शेवटी हिंदीत म्हणाले, "सब वापस लगा! अभी!"

मग मी झपाटलोच. चूल आणि ओटा रात्रीपुरते ठेवले, बाकी सगळं उचललं. शेताचा बांध मी लहानपणापासून घालतो. असे ढीग रचले की हत्तीने धक्का दिला तरी पडू नयेत. आजूबाजूचे दगड घालून आधी होते त्याच्या दुप्पट उंच! फक्त एकच झालं. कुठला ढीग कुठे होता ते धुक्यात काही दिसेना. आणि दगड जड. त्यामुळे जिथे दमलो तिथे रचला.

सकाळी खेचरं चरत लांब गेली होती. चाचा म्हणाले, "तुम चलो, मैं इनको लेकर आता हूँ। पत्थर मत छोड़ना।"

आम्ही निघालो. वर पुन्हा धुकं. पण माझे ढीग कसे, लांबून दिसणारे! संज्यासुद्धा म्हणाला, "काम झ्याक केलंस." एक ढीग झाला, दुसरा झाला. टेकाड चढलो, धापा टाकत उतरलो. तिसरा, चौथा. पक्या म्हणाला, "आता बर्फ आलाच बघ." समोर धूर दिसला.

"वस्ती हाय," बाळू म्हणाला. "चला, चहा मिळंल."

वस्ती कसली! चूल माझीच. बाजूला खेचरं, आणि माझ्या ओट्यावर बसून चाचा चहा पीत होते. आम्हाला बघून त्यांचा घोट तोंडातच राहिला.

"तुम लोग आ गए," चाचा म्हणाले, "या गए ही नहीं?"

मग बाळूने पाठीवरची पिशवी जमिनीवर आपटली.

"अरे गाढवा! अरे बैलोबा! वाट दाखवतोस का देवळाची परदक्षिणा घालतोस रे?"

"कालपास्नं गप बसलोय!" संज्या ओरडला. "माझी पॅंट गेली, ह्याचा बूट गेला, तरी गप बसलो! तुझ्यापरीस ती खेचरं शिकलेली हायती!"

"ओकलास तवाच तुला बसमधनं फेकाया पायजे व्हतं!" असं म्हणून पक्याने उरलेला बूटही मला फेकून मारला.

"सुऱ्या असता ना," बाळू म्हणाला, "त्यानं तुला उलटा टांगला असता, ह्याच दगडांवर!"

दादाचं नाव. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. बाळू माझ्याकडे बघत राहिला, घाबरून.

मी म्हटलं, "आणि खालनं जाळ केला असता. सोड ना, पुढं बोल. चांगलं चाललंय."

संज्या आधी हसला. मग सगळेच. बाळू हसता हसता खाली बसला आणि त्याने तोंड टॉवेलात घातलं. ते बराच वेळ बाहेर काढलं नाही. मी पक्याचा बूट मांडीवर घेऊन बसलो होतो. सारखं नाक वाहत होतं. थंडीच होती तशी.

पुढे बर्फापर्यंत गेलो की नाही? गेलो तर! पण चाचांनी मला मोकळं सोडलं नाही. म्हणाले, ह्याला पुढे ठेवला तर वाट खातो, मागे ठेवला तर हरवतो. म्हणून एक खेचर माझ्या पुढे, एक मागे, आणि मधे मी. त्या तिघांच्या शिव्या वरपर्यंत चालूच होत्या. आणि खोटं कशाला सांगू, चाचांनी मागून "हुर्र" केलं, की खेचरांच्या आधी मीच पाय उचलत होतो.