काळ्या बनियनवर पांढरी अक्षरं

बाबारावांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यामुळे एकदाच बोलले, तेही लेकीच्या सासरी निरोप धाडून.

सिंदी रेल्वे या गावात ते आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मग नागपूरहून कापडावर छापायची विद्या शिकून आले आणि घरातच मांडामांड केली. लाकडी चौकटीवर रेशमी कापड ताणायचं, त्यात अक्षरांपुरती जागा मोकळी ठेवायची आणि वरून रबराच्या पट्टीने रंग ओढायचा. पांढऱ्यावर काळं कोणीही छापील हो! काळ्यावर पांढरं छापताना मात्र जीव मेटाकुटीला येतो. पहिला हात कापडच पिऊन टाकतं, अक्षरं राखेसारखी दिसतात. तो वाळला की नेमका त्याच्यावरच दुसरा हात. चौकट केसभर सरकली की सगळं मुसळ केरात. म्हणून एकाने ओढायचं, दुसऱ्याने चौकट दाबून धरायची.

धरायची पंचफुला, त्यांची एकुलती लेक. आई लहानपणीच गेलेली, तेव्हा बापलेकीचा संसार त्या चौकटीच्या दोन बाजूंनीच चालायचा. संध्याकाळी भाजी कोणती, हेसुद्धा तिथेच ठरायचं.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात ती वडनेरला नांदायला गेली. बाबारावांनी चौकटीच्या एका बाजूला पाटा ठेवला, दुसऱ्या बाजूला विटा, आणि काम पहिल्यासारखंच झ्याक होऊ लागलं. पाटा बोलत नाही, एवढंच. पट्टी ओढता ओढता ते मान वर करायचे, काहीतरी सांगायला तोंड उघडायचे आणि समोर विटा बघून गप्प व्हायचे.

दिवाळीला ती आली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गेली. आता अखजीपर्यंत, म्हणजे पार अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिला आणायला निमित्त नव्हतं. लेक दिल्यावर, करमत नाही म्हणून तिला बोलवायचं? बापाला ते शोभतं का? घर मात्र खायला उठलं होतं.

तेवढ्यात कबड्डीच्या संघाचे काळे बनियन छापायला आले. बाजारात वडनेरचा एक माणूस भेटला, त्याच्याकडे बाबारावांनी निरोप दिला, "काम दोघाचं हाय. मले एकट्याले जमत नाई. पोरीले चार दिवस धाडा म्हना." घरी येऊन त्यांनी पाटा आणि विटा न्हाणीत नेऊन लपवल्या. तिच्या आवडीची बोरं आणली, तिची गोधडी उन्हात टाकली.

दोन दिवसांनी दारात उभा राहिला तो जावई, लक्ष्मण.

"मामाजी, तिले कायले तरास? कापसाची वेचणी चालू हाय. मनलं, मीच जातो."

बाबाराव त्याच्या पाठीमागे बघत राहिले. मग भानावर येऊन त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं. जावयाला कामाला लावणं म्हणजे लाजिरवाणीच गोष्ट, पण तो पोरगा भारी गुणाचा. हात धुऊन चौकटीशी बसला.

"पंचफुलानं शिकवून धाडलं. पोळपाट घेतला अन् दाखवलं, तळवा असा ठेवा, वजन असं द्या. ती तर यायले गाठोडं बांधून बसलती."

बाबारावांच्या हातातली पट्टी थांबली. रंग जाळीत वाळेल म्हणून त्यांनी ती पुन्हा ओढली.

लक्ष्मणने चौकट तसूभर हलू दिली नाही. अक्षरं अशी उमटली की बाबारावांच्या उभ्या आयुष्यात उमटली नव्हती. त्यांना एकाही बनियनमध्ये खोट काढता येईना, आणि त्यांना ती काढायची फार इच्छा होती.

चौथ्या दिवशी ते त्याला स्टेशनवर पोचवायला गेले. लक्ष्मण खिडकीत बसून म्हणाला, "पुढच्या खेपेलेही मलेच निरोप धाडजा."

गाडीने शिट्टी दिली. आता बोललो नाही तर अखजीपर्यंत गप्पच, हे बाबारावांना कळलं. त्यांनी खिडकीचा गज धरला.

"जावईबापू, खोटं बोललो मी. ते काम मले एकट्याले येते."

पुढचं वाक्य बोलायचं राहूनच गेलं. ते म्हणजे, मले काम नाई, पोर पाहिजे होती.

लक्ष्मणचा चेहरा एकदम खुलला. गाडी हलली तसा तो बाहेर वाकून ओरडला, "मंग तर लय चांगलं झालं, मामाजी! ती रोज घोर लावून बसते. सांगतो तिले, बाबाचं एकट्यानं भागते!"