वाल्मिकभाऊंनी मानलेले आभार

सुरतेत मराठी मंडळाचा कार्यक्रम असला की शेवटी आभार मानायला वाल्मिक बोरसे उभे राहणार, हे इतकं ठरलेलं होतं की पत्रिकेत त्यांचं नाव न विचारताच छापत. भाऊ विमा कंपनीतून निवृत्त झालेले, डिंडोलीत स्वतःचं घर, आवाज खणखणीत. पाहुण्यापासून सुरुवात करून ते मांडववाला, माइकवाला, चहावाला असं करत ‘ज्यांच्यामुळे आजची संध्याकाळ सार्थकी लागली ते आपण सर्व’ इथवर पोचत, तोवर त्यातले निम्मे चपला शोधत असत. पाहुणा लेखक असला तर भाऊ त्याचं पुस्तक मलपृष्ठापुरतं वाचत. तेवढ्या भांडवलावर त्यांनी बऱ्याच लेखकांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं.

गेल्या हिवाळ्यात मंडळाने पुण्याहून विश्राम दातीर या कादंबरीकारांना बोलावलं. विषय होता ‘साहित्याचा हेतू’. अध्यक्ष जयंतरावांनी पाहुण्यांची दिवसभराची सरबराई भाऊंकडे सोपवली. आभार मानणाऱ्याला पाहुण्याचा स्वभाव ठाऊक असावा, असं त्यांचं मत होतं.

तो सकाळीच ठाऊक झाला. हॉटेलातली पहिली खोली रस्त्याकडची निघाली म्हणून बदलावी लागली. दुसऱ्या खोलीत उशी उंच होती. हॉटेलवाल्याकडे तसलीच उशी सगळीकडे होती, तेव्हा भाऊ रिक्षाने डिंडोलीला जाऊन बायकोची, नूतनवहिनींची, मऊ उशी घेऊन आले. नाश्त्याला दिलेल्या लोचोवर तेल फार होतं. जेवणातल्या उंधियूतला हिरवा लसूण सरांच्या डोक्यात गेला. दुपारी भाऊंनी मोठ्या हौसेने विचारलं, लिंबायत बघायला येता का, आपल्या खानदेशातली माणसं तिथे कापडाच्या लूमवर राबतात. सर म्हणाले की त्यांना गर्दी सोसत नाही, आणि जेवणानंतर झोपलं नाही तर संध्याकाळी आवाज लागत नाही.

संध्याकाळी आवाज चांगला लागला. सरांनी सांगितलं की वाचकाला अस्वस्थ करणं हा साहित्याचा एकमेव हेतू आहे. जे लिखाण वाचकाला रमवतं ते त्याला फसवतं. रहस्यकथा, विनोदी कथा, वाचनालयात हातोहात फिरून फाटणारी पुस्तकं ही सगळी गुंगीची औषधं. समाज गाढ झोपलेला आहे. मग ते थांबले, सभागृहावरून नजर फिरवली आणि म्हणाले, “मी वाचकाच्या डोक्याखालची उशी काढून घेतो. तेच माझं काम आहे.”

टाळ्या झाल्या. दुसऱ्या रांगेत बसलेल्या नूतनवहिनींनी तेवढ्या वाजवल्या नाहीत.

भाऊ आभाराला उठले. पाहुणे, अध्यक्ष, सभागृहाचे मालक असं नेहमीच्या चालीवर चाललं होतं. मग ते म्हणाले, “आज सकाळपासून सरांना जराही अस्वस्थ वाटू नये म्हणून मंडळ झटलं. त्यात कुठे काही कमी पडलं असेल, तर ती आमच्या हातून घडलेली साहित्यसेवा समजावी.”

सभागृह हसलं. भाऊंनी हे चेष्टेने म्हटलं की सरळ मनाने, यावर मंडळात अजून दोन तट आहेत. माझ्या मते त्यांना स्वतःलाही ते हसू ऐकूनच कळलं. इतक्या वर्षांत त्यांच्या आभाराला कोणी हसलं नव्हतं. ते हसू त्यांना चढलं. त्यांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला आणि माइक जवळ ओढला.

“माझे वडील उखा बोरसे लिंबायतीत लूमवर होते. बारा तासांची पाळी. रविवारी आमच्या खोलीत शेजारचे चिंधा आप्पा खुनाची गोष्ट वाचायचे आणि आजूबाजूची माणसं दारापर्यंत दाटीने बसायची. ती माणसं अस्वस्थच होती, सर. त्यासाठी त्यांना पुस्तक लागत नव्हतं, सोमवार पुरत होता. आप्पांनी त्यांना काय दिलं ते मला नीट सांगता येणार नाही. पण ती गुंगी नव्हती. गुंगीतली माणसं खुनी कोण यावरून भांडत नाहीत.”

या वेळच्या टाळ्या सरांच्या टाळ्यांपेक्षा जास्त वेळ वाजल्या. दातीर ओठांनी हसले. जेवताना त्यांनी जयंतरावांना सांगितलं की तुमच्याकडे हा नमुना मजेशीर आहे. जेवणात पुन्हा हिरवा लसूण होता.

पुढच्या बैठकीत आभाराचं काम उज्ज्वलाताईंकडे गेलं. त्या शाळेत शिकवत आणि लिहून आणलेल्याच्या बाहेर जात नसत. भाऊंनी कारण विचारलं तेव्हा जयंतराव अगदी आपुलकीने म्हणाले, “वाल्मिकभाऊ, तुम्ही बोललात ते खरंच होतं. पण आभारात खरं कशाला?”

भाऊंना ते फार लागलं. पण कोणीतरी त्यांच्या भाषणाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकला होता आणि तो डिंडोलीपासून कतारगामपर्यंत फिरत होता. बोलावणी येऊ लागली. निवृत्तीचा समारंभ, हळदीकुंकू, सोसायटीचा वर्धापनदिन, कुठेही भाऊ ‘साहित्य कशासाठी’ या विषयावर बोलू लागले. आभाराच्या वेळचं बोलणं वाढत वाढत तासावर गेलं. वडिलांची पाळी गरजेप्रमाणे लांबत गेली. चिंधा आप्पा आधी थोर वाचक झाले, मग लोकवाचनाचे जनक झाले. भाऊंना पाणी कोमट लागू लागलं, खुर्ची हातांची लागू लागली, आणि पंख्याचा वारा थेट अंगावर आला तर त्यांचा आवाज बसू लागला. साहित्याने माणसाला रमवलं पाहिजे, असं ते तासभर ठासून सांगत आणि समोर एकही माणूस रमलेला नसे.

असं करत करत त्यांना लिंबायतचं बोलावणं आलं. गणेश मंडळाची खोली, रविवारची दुपार, समोर सतरंजीवर लूमवरची माणसं आणि साड्यांचे धागे कापायचं काम करणाऱ्या बायका. भाऊ रंगात आले. गोष्ट हीच गरिबाची श्रीमंती, असं वाक्य त्यांनी त्याच सकाळी जुळवून आणलं होतं, ते दोनदा म्हणून झालं. तेव्हा पुढे बसलेल्या मालतीबाई, वय सत्तरीच्या पुढे, हातातला अडकित्ता थांबवून अहिराणीत म्हणाल्या, “भाऊ, इतला येळ गोटन्याच गोटी करी राहिनात. मंग एखादी गोट सांगा ना.”

भाऊंना एकही गोष्ट येत नव्हती. मलपृष्ठावर शेवट छापलेला नसतो. कोणीतरी म्हणालं, चिंधा आप्पांचीच एखादी सांगा. भाऊंनी रुमालाने मान पुसली आणि कबूल केलं की त्यांना त्यातली एकही शेवटपर्यंत ठाऊक नाही. आप्पा वाचायला लागले की लहानगे भाऊ वडिलांच्या मांडीवर झोपून जायचे.

लोक इतके हसले की बाहेरची माणसं डोकावून आत आली. असंच हसू दातीर सरांच्या वाट्याला आलं होतं, ते भाऊंना आठवलं.

मालतीबाईंनी मंडळाच्या कपाटातून कव्हर गेलेलं एक पुस्तक काढायला लावलं आणि भाऊंच्या हातात दिलं. खुनाचीच गोष्ट होती. भाऊ वाचू लागले, पण आभाराची सवय जाईना. प्रेताचं नावसुद्धा ते अशा अदबीने घेत की आता प्रेत उठून नमस्कार करील असं वाटावं. दुसऱ्या पानावर मालतीबाईंनी पुस्तक काढून घेतलं, चष्मा लावला आणि स्वतः वाचायला घेतलं. डोंगर, झाडं, संध्याकाळचा प्रकाश, सगळं त्या सरळ गाळत. माणूस बोलायला लागला की आवाज बदलत. गोष्टीतल्या घरात डॉक्टर शिरला आणि मागे बसलेली माणसं पुढे सरकली. भाऊ हातांची खुर्ची सोडून सतरंजीवर कधी आले ते त्यांनाही कळलं नाही. डॉक्टरने कपाट उघडलं, तेवढ्यात बाहेरून ओरडा आला की नळाला पाणी आलं. बायका उठल्या, मालतीबाई राहिलेलं पुढच्या रविवारी असं सांगत पान दुमडून उठल्या, आणि खोली रिकामी झाली.

परतीचा रिक्षावाला दगा तिथलाच, तोही दाराशी उभा राहून ऐकत होता. भाऊंचं म्हणणं, खुनी डॉक्टरच. दगाचं म्हणणं, डॉक्टर इतक्या लवकर दाखवला म्हणजे तो नक्की नाही, धाकट्या भावावर लक्ष ठेवा. वाद इतका चढला की रिक्षा डिंडोलीचं वळण सोडून पुढे गेली.

घरी नूतनवहिनींनी विचारलं, आजचं भाषण कसं झालं. भाऊ म्हणाले, भाषण राहू दे, एक खून झालाय. मग त्यांनी सगळं सांगायला घेतलं. मधलं विसरले, धाकट्या भावाला मोठा केलं, कपाटाऐवजी पेटी उघडली. वहिनींनी भाजी निवडता निवडता बराच वेळ ऐकून घेतलं.

“तुम्हाला सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “पुढच्या रविवारी मीच येते.”