शंभर नव्हे, चार

किशोर गेल्याची बातमी मला कॉलेजच्या ग्रुपवर कळली. जळगावात घरी दुपारचं जेवत होतो. ताटाशेजारचा फोन वाजला म्हणून सहज पाहिलं. ‘धुळ्याचे सुपुत्र, व्यावसायिक फुटबॉलमध्ये शंभरहून अधिक सामने खेळलेले नामांकित गोलरक्षक किशोर अहिरे यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन.’ हातातला घास तसाच राहिला. किशोर गेला हे कळायला क्षणभर वेळ लागला, कारण त्याआधी ते वाक्य ओळखीचं वाटलं. ते माझंच होतं. सहा वर्षांपूर्वी मी लिहिलेलं, आणि खोटं. कुणीतरी जुन्या मजकुरातून ते जसंच्या तसं उचललं होतं. निदान तेव्हा तरी मी दुरुस्ती करायला हवी होती. मी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं आणि फोन पालथा ठेवला.

किशोर शंभर सामने खेळला नाही. अकरा वर्षांत तो चार सामने खेळला, आणि त्यातलाही एक अर्धाच.

धुळ्याच्या कॉलेजात आम्ही दोघंही गोलकीपर. मी पहिला, तो दुसरा. मी उंच होतो, घरून बूट मिळाले होते आणि कॅप्टन माझा मित्र होता. किशोरचे वडील यंत्रमागावर कामाला. तो सकाळी मैदानावर सगळ्यांच्या आधी यायचा आणि भिंतीवर चेंडू मारून एकटाच झेलत राहायचा. शेवटच्या वर्षी मी पदवीच्या मागे लागून खेळ सोडला. तो मुंबईला निवड चाचणीला गेला आणि तिथल्या एका क्लबने त्याला राखीव गोलकीपर म्हणून घेतलं. पुढे गोवा, मग कोलकाता, पुन्हा गोवा... क्लब बदलले, जागा तीच राहिली. सुट्टीत घरी आला की गल्लीतली माणसं विचारायची, “काय किशोरभाऊ, टीव्हीवर कवय दिसशी?” तो हसून सांगायचा, “दिसस ना! बाकवर डाव्या हातथून तिसरा.” सगळे हसायचे. मीही हसायचो, पण मला आतून ते आवडायचं नाही. मी तोवर जळगावात एका दैनिकात लागलो होतो आणि ‘माझा मित्र प्रोफेशनल फुटबॉलर आहे’ असं ऑफिसात सांगत असे. पुढचा प्रश्न नेमका ‘किती मॅच खेळला?’ हाच यायचा.

एकदा मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला घेऊन गोव्याला त्याचा सामना बघायला गेलो. सामना म्हणजे, त्याच्या संघाचा. सुरू होण्याआधी पाऊण तास किशोर मुख्य गोलकीपरकडून सराव करून घेत होता. उजवीकडे, डावीकडे, खाली, डोक्यावर... त्या माणसाला त्या दिवशी कुठला चेंडू अवघड जातोय हे हेरून तोच पुन्हा पुन्हा देत होता. मग जर्सीवर राखीव खेळाडूंचं रंगीत बनियन चढवून बाकावर जाऊन बसला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. संघ जिंकला. तो मुख्य गोलकीपर गोल करणाऱ्याकडे न जाता थेट बाकाकडे धावला आणि त्याने किशोरला उचललं. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तरी त्या क्षणी माझं लक्ष सहकाऱ्याच्या चेहऱ्याकडे होतं. ‘इतक्या लांब आणून हे दाखवलं?’ असं त्याला वाटत असेल, या विचाराने मी खजील झालो होतो.

पस्तिशी जवळ आल्यावर किशोर कायमचा धुळ्याला परतला. आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी त्याचा सत्कार ठरवला. मानपत्र आणि पेपरातली बातमी अर्थातच माझ्याकडे. ‘शंभरहून अधिक सामने’ हे शब्द मी एका झटक्यात लिहिले. छापायच्या आधी त्याला वाचायला पाठवलं, तर लगेच फोन आला.

“आरे, शंभर कोठून उनात? चार शेतस.”

“जाऊ दे ना किशोर. कोण मोजतंय?”

“मी मोजस ना!” तो म्हणाला. “बदली दे भाऊ तेवढं.”

हो म्हणालो आणि बदललं नाही. मित्राचं भलं करतोय असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे मला शंभर सामने खेळलेला मित्र हवा होता. सत्काराच्या दिवशी भरल्या सभागृहात मानपत्र वाचलं गेलं. त्या वाक्याला टाळ्या पडल्या. खांद्यावरची शाल सावरत किशोर खाली बघत राहिला. एवढ्या माणसांसमोर मला खोटं पाडणं त्याला जमलं नाही.

त्या बातमीच्या कात्रणामुळे एका खाजगी शाळेने त्याला बोलावून प्रशिक्षक म्हणून घेतलं. मुलं त्याच्यावर जीव टाकू लागली. वर्षभराने एका पालकाने फोनवर त्याचे जुने सामने शोधले आणि चारच सापडले. कात्रणाशेजारी ठेवलेली ती यादी पालकांच्या ग्रुपवर फिरली. ‘थापाड्या’ हा शब्द माझ्यापर्यंत जळगावात पोचला. संचालकांनी त्याला खुलाशाला बोलावलं. आदल्या दिवशी त्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता. “तू फक्त ये आणि ते कसं छापलं गेलं तेवढं सांग. बाकी मी बघतो. येशी ना?”

“येतो,” म्हणालो.

आणि खरंच निघालो. सकाळच्या धुळे गाडीत बसलो. तेव्हा ऑफिसात माझ्या बढतीचं चाललं होतं. जाणूनबुजून खोटी बातमी छापली हे कबूल केलं तर काय होईल, याचाच विचार करत होतो. वाटेत एरंडोलला गाडी थांबली तसा उतरलो. स्टँडवर चहा घेतला. धुळे गाडी माझ्यासमोर निघून गेली. मग जळगावकडची गाडी लागली आणि मी तिच्यात बसलो. किशोरला फोन करून सांगितलं, “गाडी पंक्चर झाली रे, वेळेत पोचणार नाही.”

“बरं,” तो म्हणाला.

त्याने तिथे सांगितलं, “मजकूर मी वाचला होता, दुरुस्त करून घेतला नाही, चूक माझी.” माझं नाव त्याने घेतलं नाही. नोकरी गेली. मला बढती मिळाली.

त्यानंतर आम्ही एकदाच भेटलो, अमळनेरला एका लग्नात. पंगतीत तो मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसला. “लिखाण चालू शे ना रे?” त्याने विचारलं. मी हो म्हणालो आणि उन्हाबद्दल बोलत राहिलो. तो ऐकत होता. त्याने मला बोलायला पुरेसा वेळ दिला... आता वाटतं, त्याचसाठी तो शेजारी बसला असेल.

दहाव्यानंतर धुळ्याला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना, सगळं सांगितलं. एरंडोलचंही. त्या म्हणाल्या, “त्या दिवशी ते तुम्हाला घ्यायला स्टँडवर गेले होते, भाऊ. तुमचा फोन आला तेव्हा तिथेच उभे होते. पंक्चर काढून येईल म्हणून अजून दोन गाड्या पाहिल्या. मग शाळेत गेले.”

“हे सगळं पेपरात लिहू का?” असं मी विचारलं.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “पण त्यांना बिचारा करू नका. नोकरी गेल्यावर ते रडत बसले नव्हते.” मग त्यांनी सांगितलं. गेली पाच वर्षं तो रोज सकाळी जुन्या मैदानावर जायचा, वस्तीतल्या मुलींना शिकवायला. त्या यायच्या आत घमेल्याने माती वाहून दोन्ही गोलपुढचे खड्डे भरायचा. गोलकीपर एकाच जागी उभी राहते, उड्या मारते, तिथली माती उडून खोलगट होते. पाय मुरगळू नये, नीट उभं राहता यावं, म्हणून.

रात्री धुळ्यातच मुक्काम केला आणि सकाळी मैदानावर गेलो. अजून कुणी आलं नव्हतं. घमेलं आणि फावडं कुंपणाच्या आत, वहिनींनी सांगितलं होतं तिथेच पालथं पडलेलं होतं. त्याला जाऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते, पण गोलपुढे चांगला घोट्याएवढा खड्डा पडला होता. मी कडेच्या ढिगाऱ्यातली माती आणून त्यात टाकली. आठ-दहा घमेल्यांत दम लागला. पायाने दाबली, फावड्याच्या पाठीने थोपटली आणि गोलकीपर उभा राहतो तसा वर उभा राहिलो. टाच आत गेली. माती किती भिजवायची, किती दाबायची, हे मला ठाऊक नव्हतं. मी खाली उतरलो आणि पाणी कुठे मिळतं ते शोधायला निघालो.